सासूबाईंचा खुबा आणि एक मत

६ फेब्रुवारी

निकाल लागून आठवडा उलटला, तरी दोन्ही पक्ष आपापल्या विजयाचे हार गळ्यात घालून हिंडताहेत. एकाला दोन जागा जास्त मिळाल्या, दुसऱ्याला नैतिक विजय मिळाला. नैतिक विजय ही वस्तू नेहमी हरलेल्याच्याच घरी कशी सापडते, यावर कोणीतरी प्रबंध लिहायला हवा. मी लिहिला असता, पण संपादकांनी आज मला आरोग्य विधेयकाच्या मागे सोडलं. म्हणाले, "तुझी पन्नाशी उलटली. दुखण्यांची आवड असेलच."

दोन जागांच्या बहुमतावर नवं सरकार पहिल्याच अधिवेशनात हे विधेयक आणणार आहे. याला धाडस म्हणावं की गणिताचं अज्ञान, माझं ठरत नाही. पेपरात मी तटस्थ असतो. तटस्थपणात जे मावत नाही ते इथे लिहायचं ठरवलंय.

११ फेब्रुवारी

विधेयक वाचलं. सभागृहाच्या मधल्या दालनात ते वाचलेला असा मी एकटाच भेटलो. बाकीचे सगळे त्यावर बोलत होते.

मुद्दा साधा आहे. दुखणं जुनं आहे म्हणून कोणालाही विमा नाकारायचा नाही, आणि सांधे बदलण्याचा खर्च सरकारने द्यायचा. आमच्या घरात याला 'आईचं कलम' म्हणतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे आठ दिवस राहायला आल्या, आठव्या दिवशी त्यांचा खुबा गेला आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसरा मजला. तेव्हापासून त्या पाहुण्याच आहेत. विमा कंपनीने दुखणं पॉलिसीच्या आधीचं असल्याचा शोध लावला. सासूबाईंनी चालणं सोडलं, बोलणं नाही.

आता या गोष्टीतली खरी गंमत. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, विरोधी पक्षाचा सदस्य आहे आणि विधेयकाविरुद्धचा सर्वांत मोठा आवाज आहे. तान्हा असताना त्याचं रडणं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं, म्हणून घरात त्याला भोंगा म्हणतात. पक्षातही आता म्हणतात; फोडलं कोणी ते माहीत नाही. (मी.)

आज आला होता. म्हणाला, "आई, ऑपरेशनचे पैसे मी भरतो. आत्ता, उद्या, म्हणशील तेव्हा."

"नको."

"का पण?"

"जे सगळ्यांना द्यायला तुझा विरोध, ते मला एकटीला कशाला? समोरच्या काकूंचा गुडघा गेलाय. त्यांचा मुलगा सदस्य नाही."

"तिजोरी बुडेल, आई!"

"बुडू दे. मला पोहता येत होतं, खुबा चांगला होता तेव्हा."

मी हसलो, तेव्हा म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही हसू नका. तुमचेही पैसे मी घेणार नाही." मी देऊ केले नव्हते. पण त्यांनी आधीच नाकारले हे बरं झालं.

१५ फेब्रुवारी

आज सभागृहात एक सुंदर गोष्ट पाहिली. सुंदर हा शब्द मी राजकारणाबद्दल लिहितोय, म्हणून तारीख दोनदा तपासली.

सत्ताधाऱ्यांमध्ये एक शिक्षिकाबाई नव्याने निवडून आल्यात. त्यांना नववा महिना. बाळंतपण आणि मतदान एकाच आठवड्यात येतंय. आपल्या सभागृहात यासाठी एक जुना रिवाज आहे: एका बाजूचा सदस्य अंथरुणाला खिळला, तर दुसऱ्या बाजूच्या एकाने आपणहून बाहेर थांबायचं. याला 'सोबत देणं' म्हणतात. कुठल्याच नियमात ते लिहिलेलं नाही. म्हणूनच आजवर कोणी मोडलं नसावं. लिहिलेलं असतं तर वकिलांनी केव्हाच पळवाट काढली असती.

विरोधकांनी कोणाला काढून दिलं? भोंग्याला. त्याचं भाषण झालं की मतदानाला तो नसला तरी चालेल असा हिशेब. त्याने मधल्या दालनात बाईंचा हात हातात घेऊन सांगितलं, "तुम्ही येऊ शकला नाहीत तर मीही आत पाऊल टाकणार नाही. शब्द." हे बोलताना तो हळू बोलला, ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "त्या होय? आमच्या दुकानातूनच औषधं नेतात. गोड आहेत." (ती औषधांचं दुकान चालवते.) सासूबाईंनी लगेच विचारलं, "पायाला सूज आहे का गं तिच्या?" बायकांचं लक्ष कुठे जाईल सांगता येत नाही.

१६ फेब्रुवारी

काही नाही. दिवसभर समितीची बैठक. 'यथायोग्य' या शब्दावर तीन वक्ते बोलले. मला शब्द आवडतो, म्हणून जागा राहिलो.

२० फेब्रुवारी

चर्चेचा दिवस. काय सांगू! सत्ताधाऱ्यांच्या मते या विधेयकाने लंगडे चालतील, आंधळे पाहतील. विरोधकांच्या मते तिजोरी बुडेल, डॉक्टर पळून जातील आणि खोकला आलेला माणूस रांगेतच म्हातारा होईल. एका सदस्याने थर्मामीटर हलवून दाखवला. दुसऱ्याने तो मागितला, कारण त्याला खरोखर कणकण होती. अध्यक्षांनी थर्मामीटर सभागृहाच्या पटलावर ठेवायला सांगितला. पटलावर ठेवलेली वस्तू सर्वांना पाहण्यासाठी खुली असते, म्हणून दुपारपर्यंत ताप मोजायला पाचसहा जण येऊन गेले.

मग भोंगा उठला. माझा मेहुणा आहे म्हणून नाही, पण काय बोलला! छताच्या काचा थरथरल्या. पत्रकारांच्या गॅलरीत माझ्या शेजारच्याने कान झाकले आणि तरीही सगळं टिपून घेतलं. शेवटी भोंगा म्हणाला, "हे सरकार आमच्या आयांना रांगेत उभं करणार आहे!"

समोरच्या बाकावरून कोणी तरी ओरडलं, "तुमच्या आईला उभं राहता येतं का?"

सभागृह हसलं. भोंग्याने पेल्याकडे हात नेला. पाणी प्यायला असावा, मला नीट दिसलं नाही. मग खाली बसला. भाषण अजून उरलं होतं.

आणखी एक बातमी. सत्ताधाऱ्यांतले एक सर्जन आहेत, स्वतःच्या मोठ्या दवाखान्याचे मालक. विधेयक त्यांना खुपतंय. मतदानाच्या दिवशी आपल्याला सर्दी होणार असल्याचं त्यांनी आजच जाहीर केलं. इतकं अचूक निदान वैद्यकशास्त्रात दुर्मीळ. विरोधक म्हणतात, सोबत खऱ्या आजाऱ्याला मिळते, नियोजित सर्दीला नाही.

म्हणजे आता गणित असं. शिक्षिकाबाई आणि भोंगा दोघेही बाहेर राहिले, तर विधेयक एका मताने तरेल. बाई बाहेर आणि भोंगा आत, तर समसमान. आणि समसमान झालं की अध्यक्ष रिवाजाप्रमाणे आहे तेच चालू ठेवतात. म्हणजे विधेयक पडेल. अख्ख्या देशाचे सांधे माझ्या मेहुण्याच्या शब्दावर टांगलेत. सासूबाईंचा खुबा तर आहेच.

२३ फेब्रुवारी

घरात राजकारणाची गोडी वाढतेय, हे माझ्या सहवासाचं फळ. जेवताना बायकोने विचारलं, "अहो, समजा बाई मतदानाला आल्याच, तर मग आमचा भोंगा मोकळा?"

"अर्थात. सोबत संपली."

"आणि येताहेत अशी नुसती आवई उठली तर?"

"आवई कोण उठवेल?" मी समजावून सांगितलं. "राजकारणातही काही संकेत असतात."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटतं, संकेत हा शब्द त्यांना भावला.

"मतदानाची घंटा किती वेळ वाजते?" सासूबाईंनी विचारलं. पाव तास, म्हटलं. ती थांबली की दारं बंद. मग मी दारबंदीचा इतिहास सांगायला घेतला, तर दोघींना एकदम भांडी आठवली. सासूबाईंना उभं राहता येत नाही, तरी.

त्यांना हल्ली फोनवर एक नवी मैत्रीण मिळालीय. कोणी गरोदर मुलगी आहे, नात्यातली असावी. तासन् तास चालतं. "डाव्या कुशीवर झोप. आणि त्या मेल्यांची भाषणं ऐकू नकोस, दूध आटेल." म्हातारपणी माणसाला असा काही विरंगुळा हवाच.

२६ फेब्रुवारी

उद्या मतदान. आज मला या अधिवेशनातली सर्वांत मोठी बातमी मिळाली.

दुपारी विरोधी पक्षाच्या प्रतोदांनी मला खांबाआड बोलावलं. प्रतोद म्हणजे मुळात बैल हाकायची काठी; पक्षात हे काम करणारा माणूस सदस्यांना मतदानाला हाकत आणतो. आमचे प्रतोद शरीरानेही काठीसारखेच आहेत. कानाशी येऊन म्हणाले, "शिक्षिकाबाई उद्या येताहेत. रुग्णवाहिकेतून. माझं नाव नको."

मी विचार केला: बाई आल्या तर यांचं काहीच साधत नाही, विधेयक तरीही तरतं. म्हणजे हा माणूस स्वतःच्या तोट्याची बातमी आपणहून देतोय. यातच तिची विश्वासार्हता! बाईंना विचारायला फोन केला, तर त्यांचा फोन व्यग्र. चार वेळा लावला, चारही वेळा व्यग्र. घरी फोन लावला, तर तोही व्यग्र. शेवटी बातमी दिली. 'विश्वसनीय सूत्रांनुसार.' संपादकांनी पाठ थोपटली.

मनात एक बारीकशी शंका आहे. पण इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर माणसाला खरं-खोटं वासावरून कळतं.

ताजा कलम: सासूबाईंनी उद्या मला आणि भोंग्याला दोघांनाही जेवायला बोलावलंय. मतदान तीनला. सभागृह आमच्याच रस्त्याच्या टोकाला आहे, तेव्हा हरकत नाही. जेवणात त्याच्याकडून आतली बातमी काढता येईल.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ

मी मतदान पाहिलं नाही. आधी हे लिहून टाकतो, म्हणजे बाकीचं लिहायला मोकळा.

भोंगा जेवायला आला तो खुशीत. "आई, आता राग सोड. बाई येताहेत म्हटल्यावर माझा शब्द सुटला. भाऊजींच्याच पेपरात आहे."

"पेपरात आहे ना? मग झालंच," सासूबाई म्हणाल्या, ते अशा सुरात की मला पाणी पिताना ठसका लागला. "जावईबापू, कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सूत्रांनी."

"सूत्र बारीक आहे का? काठीसारखं?"

सूत्राचं नाव सांगायचं नसतं. मी ताटाकडे लक्ष दिलं.

हात धुतल्यावर त्या म्हणाल्या, "मला खाली न्या."

आम्ही थक्क. दोन वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा मागितलं. "माझी मैत्रीण बाळंत झालीय पहाटे. प्रसूतिगृहात जाऊन तिला बघायचंय."

"आई, मतदान आहे," भोंगा म्हणाला.

"अजून पाऊण तास आहे. मला खाली ठेव आणि जा. उतरायला कितीसा वेळ लागतो?"

एक भक्कम खुर्ची दारात तयारच होती. धरायला सोपं जावं म्हणून तिच्या पायांना कापडाचे फासही बांधून ठेवले होते. बायको मुळात टापटिपीची. भोंग्याने पाठीची बाजू धरली, मी पायांची. म्हणजे मी उलटा उतरणार. निघालो.

पाच पायऱ्या झाल्या आणि सासूबाई म्हणाल्या, "थांबा. समोरच्या काकू! अहो, किती दिवसांनी!" काकू दार उघडून बाहेर आल्या. गुडघ्यापासून सुरुवात झाली. मग काकूंच्या सुनेचा गुडघा. मग सुनेच्या माहेरच्यांचे. आम्ही खुर्ची धरून उभे.

"आई, खांदे निखळताहेत," भोंगा म्हणाला.

"निखळले तर कळेल सांधा म्हणजे काय."

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त बँडमास्तर राहतात. त्यांच्या घरात सभागृहाचं थेट प्रक्षेपण मोठ्याने लागलं होतं, आणि दार उघडं. सासूबाईंनी त्यांनाही हाक मारली. ते बाहेर आले, खुर्चीतली मिरवणूक पाहून त्यांनी आपसूक तोंडाने एक चाल धरली. अख्खी इमारत दारांत. कोणी भोंग्याला ओळखलं, कोणी खुर्चीला. मला कोणीच ओळखलं नाही, माझी सगळ्यांकडे पाठ होती.

आणि टीव्हीवर घंटा सुरू झाली.

भोंग्याच्या खिशात फोन वाजायला लागला. थांबला. पुन्हा वाजला. "काढून देऊ का?" मी विचारलं, जणू काही माझा हात मोकळा होता.

"राहू द्या, भाऊजी."

आम्ही जिन्याच्या वळणावर होतो. तिथे जागा ऐसपैस आहे. घंटा वाजतच होती. आता सासूबाईंनी एकदम सूर बदलला. हळू म्हणाल्या, "भोंग्या, ठेव मला इथे. अजून दारं बंद झालेली नाहीत. पळालास तर पोचशील."

भोंग्याने कठड्याला पाठ टेकली. मला वाटलं, धाप लागलीय. मग त्याने विचारलं, "आई, ती येणार नाहीये ना?"

"बाळाला पाजतेय ती."

कोणाबद्दल चाललंय ते मला कळेना; घाम डोळ्यांत उतरला होता. मी म्हटलं, "अरे, ठेवायची असेल तर ठेवू, मलाही तिकडे पोचायचंय!"

भोंग्याने खुर्ची थोडी वर उचलून पकड बदलली. "नीट धरा, भाऊजी," म्हणाला. "अजून दोन जिने आहेत." आणि इतक्या सावकाश उतरायला लागला, इतक्या सावकाश, की मला वाटलं याची पाठ धरली. घंटा कधी थांबली कळलं नाही. आम्ही तळमजल्यावर खुर्ची टेकवली तेव्हा वरून बँडमास्तरांचा आवाज आला, "एका मताने! झालं मंजूर!" अर्ध्या इमारतीने टाळ्या वाजवल्या, अर्ध्या इमारतीने दारं आपटली. फोन वाजायचा थांबला.

भोंगा पायरीवर बसून हसत सुटला. सासूबाई हसल्या. बायको वरच्या कठड्यावरून हसत होती. मग मीही हसलो. मला कारण माहीत नव्हतं, पण एकट्याने गंभीर राहणं अवघड असतं.

प्रसूतिगृहात पोचलो तर खाटेवर कोण? शिक्षिकाबाई! कुशीत मुलगी. म्हणजे बातमी साफ खोटी. प्रतोदांना कोणीतरी फसवलं असणार. बिचाऱ्यांना मी उद्या सांगेन. बाईंनी सासूबाईंना पाहताच हात पसरले. "आई! आवाजावरून वाटलं होतं त्याहून लहान दिसता." सासूबाईंची माणसं जोडायची हातोटी विलक्षण. पहिल्या भेटीत ही जवळीक! आणि योगायोग पाहा, त्यांची मैत्रीणही याच प्रसूतिगृहात असावी, पण तिला भेटायचं मात्र त्या विसरूनच गेल्या.

बाईंनी मुलगी भोंग्याच्या हातात दिली. ती रडली. काय रडली! कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलं असेल. भोंगा पाणावल्या डोळ्यांनी म्हणाला, "ही आमच्या पक्षात येणार."

परत निघताना सासूबाईंनी जाहीर केलं, "तीन मजले मी आता चढणार नाही. भोंग्याचं घर तळमजल्यावर आहे. खुबा बदलेपर्यंत तिथेच राहते."

भोंगा म्हणाला, "आई, घरी पक्षाच्या बैठका असतात."

"असू देत. मी कोपऱ्यात बसेन."

त्याचा चेहरा पाहून मला पहिल्यांदाच विरोधी पक्षाची दया आली.

२८ फेब्रुवारी

कोणीतरी जिन्यावरचा फोटो काढला होता. आज प्रत्येक पेपरात आहे, आमचा सोडून. 'घंटा वाजत होती आणि सदस्य आईला उचलत होते.' भोंगा घामाने निथळतोय, सासूबाई महाराणीसारख्या बसल्यात. खाली माझी पाठ. एका पेपरात 'एक शेजारी' असा उल्लेख आहे.

संपादकांनी फक्त एवढं विचारलं, "ही पाठ ओळखीची वाटते?" मी म्हटलं, सांगता येत नाही. पुढे ते म्हणाले, "तुझ्या घरात काय चाललंय हे तुझं सूत्र तुला कधी सांगणार?" मी विचार करतोय. उत्तर जवळ आल्यासारखं वाटतं आणि निसटतं.

५ मार्च

भोंग्याला पक्षाने पुढच्या बाकावरून शेवटच्या बाकावर पाठवलं. त्याहून मोठी शिक्षा करता येईना. आईला जिन्यात ठेवून यायला हवं होतं, असं जाहीरपणे म्हणायला प्रतोदही तयार नाहीत. भोंगा सांगतो, मागून आवाज जास्त घुमतो. घरी मात्र त्याचं चालत नाही. काल पक्षाच्या बैठकीत सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. तासाभरात त्या मध्यभागी होत्या, आणि दोन ज्येष्ठ सदस्य त्यांना आपापले गुडघे दाखवत होते.

१८ मे

कायदा लागू झाला. यादीत सासूबाईंचा नंबर आला, आणि आमच्या समोरच्या काकूंचाही. परवा खुबा बदलला. विमा कंपनीचं अभिनंदनाचं पत्र आलंय. काय लिहावं ते त्यांनाही सुचलेलं दिसत नाही.

आज पहिल्यांदा त्यांना चालवलं. दवाखान्याचा लांब पांढरा व्हरांडा, हातात चौकट, बाजूला नर्स. आणि समोर भोंगा, दोन्ही हात पसरून उलटा चालतोय, लहान पोराला चालायला शिकवतात तसा. सभागृहात याला मागे सरताना आजवर कोणी पाहिलेलं नाही. मी पत्रकार, पण वही काढली नाही.

"सावकाश, आई. सावकाश."

"वाटेतून बाजूला हो. तू समोर उभा, तर मी जाणार कुठे?"

तो बाजूला झाला. एक पाऊल. मग दुसरं. नर्स म्हणाली, आज इतकं पुरे. सासूबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही, खिडकीपर्यंत गेल्या. खालच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. कितीतरी वेळ.

भोंग्याचा आवाज बसला होता. म्हणाला, "पुढच्या निवडणुकीत माझ्याबरोबर येशील ना, दारोदार?"

"येईन की."

"माझ्या बाजूने?"

सासूबाईंनी चौकट उचलून पुन्हा पुढे टेकवली.

"आधी चालू तर दे. मग ठरवीन."